तारांनी बांधलेली विमाने: सुरुवातीच्या काळातील विमानांची मॉडेल किट कशी जोडावीत

राइट बंधूंच्या 1903 च्या विमानाचे एखादे काटेकोर किट हाती आले आणि त्याचा पंख पट्टीने मोजला, तर मध्यरेषेपासून उजवीकडची बाजू डावीपेक्षा किंचित जास्त भरते. नवख्या माणसाला ही साच्यातील चूक वाटते आणि तो कानस उचलतो. मूळ विमानात चालक मध्यरेषेच्या डावीकडे पालथा झोपत असे आणि इंजिन उजवीकडे बसवलेले होते. इंजिनाचे वजन माणसापेक्षा जास्त असल्यामुळे तोल साधण्यासाठी उजवीकडचा पंख सुमारे 4 इंच लांब ठेवला होता. 1/48 प्रमाणात हे 4 इंच म्हणजे जेमतेम 2 मिलिमीटर होतात. ते घासून टाकणाऱ्याच्या हाती एक शोभेची वस्तू येते. त्यांचे कारण शोधणाऱ्याला त्या विमानाची ओळख होते. पुढील मार्गदर्शन कारण शोधू इच्छिणाऱ्यांसाठी आहे.

विमानांची छोटी प्रतिरूपे खऱ्या विमानांच्या नंतर आली, असा आपला समज असतो. क्रम उलटा आहे. इंग्लंडच्या जॉर्ज केली यांनी 1804 मध्ये पंख आणि शेपूट असलेले छोटे ग्लायडर उडवले. फ्रान्सच्या आल्फोन्स पेनो यांनी 1871 मध्ये पॅरिसच्या त्विलरी उद्यानात रबराच्या पिळावर चालणारे मॉडेल उडवले आणि ते सुमारे 11 सेकंद हवेत स्थिर राहिले. राइट बंधू लहान असताना, 1878 मध्ये, त्यांच्या वडिलांनी आणलेले उडते खेळणे पेनो यांच्याच रचनेवर बेतलेले होते. पुढे 1901 मध्ये त्याच भावांनी स्वतः बनवलेल्या वातबोगद्यात सुमारे दोनशे छोट्या पंखांची चाचणी घेतली आणि त्या आकड्यांवरून मोठा पंख आखला. म्हणजे मॉडेल बनवणे ही विमानविद्येची पहिली प्रयोगशाळाच होती, आणि टेबलावर किट घेऊन बसणारा माणूस नकळत त्याच परंपरेत बसलेला असतो.

कोणते विमान निवडावे

किट ढोबळमानाने दोन प्रकारची मिळतात. पहिला प्रकार बाल्सा लाकडाच्या काड्या आणि पातळ कागद यांचा. त्यात फासळ्या आणि लांब पट्ट्या जोडून सांगाडा उभा करायचा, त्यावर कागद चिकटवायचा आणि पाणी फवारून, मग डोप (वाळताना आकसणारा वार्निशसारखा द्राव) लावून तो ताणून घ्यायचा. खऱ्या विमानावर तागाचे कापड ज्या रीतीने ताणले जात असे, तीच ही रीत आहे. त्यामुळे रचना समजून घेण्यासाठी याहून चांगला मार्ग नाही. दुसरा प्रकार प्लॅस्टिकच्या साचेबद्ध भागांचा. त्यात सांगाडा दिसत नाही, पण विमानाचे बाह्यरूप, इंजिन, कॉकपिट आणि तारा फार बारकाईने दाखवता येतात. प्लॅस्टिक किटचा इतिहासही बराच जुना आहे. ब्रिटनमध्ये 1936 मध्ये फ्रॉग पेंग्विन या नावाने 1/72 प्रमाणातील किट निघाली होती. येथे मी प्लॅस्टिक किटविषयीच लिहीत आहे, कारण बहुतेकांची सुरुवात तेथूनच होते.

पहिले किट राइट बंधूंच्या विमानाचे घेण्याचा मोह होतो. तो आवरावा. त्या विमानात तारांचे जाळे इतके दाट आहे की अनुभव नसताना काम अर्धवट राहण्याचीच शक्यता जास्त असते. 25 जुलै 1909 रोजी इंग्लिश खाडी ओलांडणारे ब्लेरिओ 11 दिसायला साधे एकपंखी विमान आहे. पण त्याच्या धडाचा मागचा भाग उघडा असल्यामुळे आतल्या आडव्या-तिरप्या तारा लपत नाहीत, आणि पंखांना वरून-खालून तारांचा आधार आहे. तेही दुसऱ्या-तिसऱ्या खेपेसाठी राखून ठेवावे.

माझ्या मते सुरुवात पहिल्या महायुद्धातील फॉकर डीआर-1 या जर्मन त्रिपंखी विमानाने करावी. तीन पंख म्हणजे तिप्पट त्रास असे वाटते खरे, परंतु या विमानाचे पंख जाड छेदाचे आहेत आणि आतल्या लाकडी पेटीसारख्या तुळयांच्या बळावर ते स्वतःचा भार स्वतःच पेलतात. म्हणून पंखांमध्ये तारा जवळजवळ नाहीतच. आधीच्या नमुन्यात तर पंखांच्या टोकांकडचे उभे टेकूही नव्हते. पंख थरथरू नयेत म्हणून ते नंतर बसवण्यात आले. याच्या जोडीला दुसरे किट ब्रिटिश सॉपविथ कॅमलचे घ्यावे. ते अगदी दुसऱ्या विचाराचे विमान आहे: पंख पातळ, आणि सगळी ताकद तारांत. ही दोन किट एकापाठोपाठ जोडली की 1917 मध्ये एकमेकांशी लढणाऱ्या अभियंत्यांनी एकाच प्रश्नाची दोन उत्तरे कशी काढली, ते हाताला कळते.

प्रमाण निवडताना टेबलावरच्या जागेइतकाच नजरेचाही विचार करावा. डीआर-1 च्या वरच्या पंखाचा विस्तार 7.19 मीटर होता. 1/72 मध्ये तो 10 सेंटिमीटर, 1/48 मध्ये 15 सेंटिमीटर आणि 1/32 मध्ये साधारण साडेबावीस सेंटिमीटर होतो. 1/72 चे किट आटोपशीर असते, पण त्यातील टेकू आगकाडीहूनही बारीक असतात. 1/32 मध्ये तपशील अप्रतिम दिसतो. न्यूझीलंडच्या विंगनट विंग्ज या कंपनीने पहिल्या महायुद्धातील विमानांची याच प्रमाणातील किट काढून या छंदाची पातळीच उंचावली होती. कंपनी 2020 मध्ये बंद झाली. शिकण्यासाठी मला 1/48 सर्वांत सोयीचे वाटते.

डिंकाची बाटली उघडण्यापूर्वी

साहित्य फार लागत नाही. सपाट पात्याचा छोटा कटर, धारदार सुरी, बारीक टोकाचा चिमटा, दोन-तीन प्रतींचे पॉलिश पेपर, पातळ प्लॅस्टिक सिमेंट, थोडा सुपरग्लू, पांढरा डिंक, 0.3 मिलिमीटरचे ड्रिल आणि ते हाताने फिरवण्याची मूठ, चांगले ब्रश आणि रंग. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारे साधन) असल्यास उत्तम, पण या काळातील विमानांसाठी तो अनिवार्य नाही. त्याचे कारण पुढे येईल. सिमेंट आणि रंग यांच्या वाफा छातीत जातात, म्हणून खिडकी उघडी ठेवावी.

याहून महत्त्वाचे साहित्य म्हणजे छायाचित्रे. "फॉकर डीआर-1" असे सर्वसाधारण विमान बनवायला घेऊ नये. ठरावीक क्रमांकाचे, ठरावीक महिन्यातील एकच विमान निवडावे आणि त्याची मिळतील तेवढी छायाचित्रे समोर ठेवावीत. या बाबतीत सर्वांत प्रसिद्ध नाव जर्मन लढाऊ वैमानिक मानफ्रेड फॉन रिश्टहोफेन यांचे. 425/17 क्रमांकाचे त्यांचे विमान संपूर्ण लाल होते आणि 21 एप्रिल 1918 रोजी ते त्यातच मारले गेले. मात्र त्यांच्या नावावरील 80 विजयांपैकी केवळ 19 त्रिपंखी विमानातून मिळवलेले होते, आणि त्यांनी वापरलेली इतर काही त्रिपंखी विमाने अंशतःच लाल होती. म्हणून खोक्यावरचे चित्र पाहून रंग ठरवणे धोक्याचे असते.

जुन्या छायाचित्रांचाही एक सापळा आहे. त्या काळात सर्रास वापरली जाणारी फिल्म लाल रंगाला दाद देत नसे आणि निळ्याला जास्त देत असे. परिणामी लाल भाग छायाचित्रात काळपट दिसतो आणि गडद निळा भाग फिकट राखाडी. ब्रिटिश विमानांच्या वर्तुळाकार खुणांतील निळे कडे छायाचित्रात फिकट दिसते म्हणून ते आकाशी रंगवणारे अनेक जण मी पाहिले आहेत. छायाचित्रावरून आकार, जोड, डाग आणि तारांची जागा ठरवावी. रंगासाठी लेखी नोंदी आणि जपून ठेवलेल्या कापडाचे तुकडे यांचाच आधार घ्यावा.

धड, लाकूड आणि फिरते इंजिन

किटचे भाग प्लॅस्टिकच्या एका चौकटीला जोडलेले येतात; ते चौकटीतून कापताना कटर भागाला अगदी चिकटवून न धरता थोडे अंतर ठेवून कापावे आणि उरलेला अंकुर सुरीने छाटून पॉलिश पेपरने गुळगुळीत करावा. प्रत्येक जोड आधी डिंकाविना बसवून पाहावा. हे सर्वच किटना लागू आहे, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

कॉकपिटपासून या काळाचे वेगळेपण सुरू होते. आत लाकूड, कापड, चामडे आणि थोडे पितळ, एवढेच होते. लाकूड दाखवण्यासाठी प्रथम फिकट वाळूसारख्या रंगाचा हात द्यावा, तो पूर्ण वाळू द्यावा आणि मग तपकिरी तैलरंगाचा अगदी पातळ थर कोरड्या ब्रशने एकाच दिशेने ओढावा. ब्रशच्या केसांच्या रेषाच लाकडाच्या शिरा होतात. प्रोपेलरसाठी मात्र एक पायरी वाढवावी लागते. त्या काळचे प्रोपेलर लाकडाच्या अनेक फळ्या एकमेकींवर चिकटवून, मग कोरून केलेले असत, त्यामुळे पात्यांवर फिकट आणि गडद पट्टे वळणदार दिसतात. ते पट्टे छायाचित्र पाहून बारीक मास्किंग टेपने आखावेत आणि वरून नारिंगी छटेच्या पारदर्शक वार्निशचा हात द्यावा.

इंजिन जोडताना बहुतेक जण एक चूक करतात: इंजिन नाकात पक्के चिकटवतात आणि प्रोपेलर फिरता ठेवतात. डीआर-1 आणि कॅमल या दोन्ही विमानांत रोटरी इंजिन होते. त्यात मधला दांडा विमानाला घट्ट जोडलेला असतो आणि सिलिंडरांसह सगळे इंजिनच त्याभोवती गरगर फिरते. प्रोपेलर त्या फिरत्या इंजिनावर बसवलेला असतो. म्हणून मॉडेलमध्ये फिरायचे असेल तर दोन्हींनी एकत्र फिरावे, नाहीतर दोन्ही स्थिर ठेवावेत. या रचनेमुळे सिलिंडर वाऱ्यात फिरून थंड राहत आणि पाण्याचे वजन वाचे. पण एवढे जड चाक नाकात फिरत असल्याने विमान वळताना विचित्र ओढ घेई, आणि कॅमलमध्ये इंजिन, बंदुका, चालक आणि इंधन हे सारे पुढच्या थोड्याशा जागेत दाटलेले असल्यामुळे नवशिक्या चालकांच्या जिवावर बेते.

याच इंजिनाने डागही दिले आहेत. वंगणासाठी एरंडेल वापरत, कारण ते पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही. आणि ते परत फिरवण्याची सोय नसल्याने वापरलेले तेल सरळ बाहेर फेकले जाई. इंजिनाभोवतीचे धातूचे आवरण ते खालच्या बाजूला लोटी. म्हणून पोटाखाली, नाकापासून मागे, पिवळसर तपकिरी चकाकत्या रंगाचे पातळ ओघळ दाखवावेत. काळी काजळी फासू नये. ती नंतरच्या काळातील विमानांची सवय आहे.

कापड रंगवणे

किट बनवणारे फासळ्यांमधला कापडाचा झोळ हमखास वाढवून दाखवतात. डोप वाळताना आकसतो आणि कापड डफाच्या चामड्यासारखे ताठ होते, तेव्हा असा झोळ पडायला नको. बारीक पॉलिश पेपर पाण्यात बुडवून पंखांवर हलका फिरवावा. फासळ्यांच्या रेषा दिसत राहिल्या पाहिजेत, पण बोटाला खळगे लागता कामा नयेत.

डीआर-1 च्या बाबतीत ब्रशने रंगवणाऱ्याला अनपेक्षित लाभ होतो. कारखान्यात या विमानावर गडद हिरवट तपकिरी रंग ब्रशनेच, पातळ पट्ट्यांत ओढला जात असे आणि त्यामधून खालचे फिकट कापड डोकावत असे. त्यामुळे एरवी ब्रशच्या ज्या खुणा आपण दोष म्हणून लपवतो, त्याच येथे हव्या असतात. आधी पिवळट पांढरा थर द्यावा, तो दोन दिवस वाळू द्यावा आणि मग जवळजवळ कोरड्या, सपाट ब्रशने गडद रंग ओढावा. पंखांवर पट्टे तिरपे जातात, धडावर त्यांची दिशा वेगळी असते. छायाचित्र पाहूनच हात चालवावा. खालची बाजू फिकट निळी असते. कॅमलच्या वरच्या बाजूला पीसी-10 नावाचा रंगीत डोप असे. त्यात पिवळी माती आणि काजळी मिसळलेली असल्यामुळे तो कधी तपकिरी, कधी हिरवट दिसे, आणि त्याच्या नेमक्या छटेवरून मॉडेलकारांत चाललेले वाद संपण्याची चिन्हे नाहीत. जुळणारी कोणतीही समंजस छटा घ्यावी आणि पुढे जावे. खालची बाजू रंगहीन डोप लावलेल्या कापडाची, सायीसारखी असते.

डेकल (विमानावर चिकटवायच्या छापील खुणा) लावण्यापूर्वी चकाकता वार्निश द्यावा, नाहीतर त्यांच्याखाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. आणि हे सारे काम, म्हणजे रंग, डेकल आणि वार्निश, पंख जोडण्यापूर्वीच संपवावे. माझ्या पहिल्या द्विपंखी मॉडेलचे दोन्ही पंख मी उत्साहाने आधी जोडले आणि मग मधल्या बोळात ब्रश घालत बसलो. वरच्या पंखाची खालची बाजू आजही अर्धी रंगलेली आहे.

वरचा पंख आणि तारा

यापुढचे काम या छंदाचे हृदय आहे आणि येथे घाई केल्यास आधीची सगळी मेहनत वाकडी दिसते. खालचा पंख बसवताना त्याचा कोन मोजावा. कॅमलचा खालचा पंख टोकांकडे सुमारे 5 अंश वर उचललेला आहे, तर वरचा अगदी सरळ आहे, कारण सरळ पंख बनवणे सोपे होते. त्यामुळे दोन पंखांतील अंतर टोकांकडे कमी होत जाते. हे ठाऊक नसले की माणूस दोन्ही पंख समांतर करण्याच्या नादात टेकू वाकवतो.

जाड पुठ्ठ्याचा एक साचा कापून घ्यावा, ज्यात धड सरळ बसेल आणि वरचा पंख योग्य उंचीवर उलटा किंवा सुलटा टेकेल. प्रथम धडाजवळचे मधले टेकू वरच्या पंखाला जोडावेत, सिमेंट अर्धवट ओले असतानाच समोरून आणि वरून पाहून कोन सुधारावा, आणि रात्रभर त्याला हात लावू नये. दुसऱ्या दिवशी बाहेरचे टेकू हलकेच सरकवून पातळ सिमेंटचा थेंब द्यावा. डीआर-1 मध्ये तीनही पंख सरळ असल्याने तपासणी सोपी आहे: समोरून पाहिल्यास तीन समांतर रेषा दिसल्या पाहिजेत. या विमानाला चांगल्या डिंकाचे महत्त्व वेगळ्या अर्थानेही कळले होते. 1917 च्या अखेरीस काही डीआर-1 हवेतच पंख तुटून कोसळली, आणि तपासात पंखांच्या आतील जोडांचे निकृष्ट काम आणि आत शिरणारी दमट हवा ही कारणे निघाली.

आता तारा. त्या बांधण्यापूर्वी त्यांचे काम समजून घ्यावे, म्हणजे कोणती तार कोठून कोठे जाते हे पाठ करावे लागत नाही. उडताना हवा पंखांना वर ढकलते, म्हणून धडाच्या खालच्या भागातून निघून वरच्या पंखाच्या बाहेरच्या बाजूला जाणाऱ्या तारा पंख खाली धरून ठेवतात, या उड्डाणतारा. सर्वाधिक भार त्यांच्यावर येत असल्याने त्या अनेकदा जोडीने असत. विमान जमिनीवर उभे असताना पंख स्वतःच्या वजनाने खाली झुकतात, तेव्हा वरच्या मध्यापासून खालच्या पंखाच्या बाहेरच्या बाजूला जाणाऱ्या अवतरणतारा त्यांना उचलून धरतात. पुढच्या आणि मागच्या टेकूंमधील फुली पंखाचा कोन कायम ठेवते. तार फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. ढकलण्याचे काम टेकूंचे. हे एक वाक्य लक्षात ठेवले की कोणत्याही द्विपंखी विमानाचा आराखडा वाचता येतो.

जाडीचा हिशेब करावा. 5 मिलिमीटरची तार 1/48 मध्ये 0.1 मिलिमीटर होते, म्हणजे जवळपास केसाएवढी. शिवणाचा दोरा त्यापेक्षा जाड असतो आणि त्याला लव असते, म्हणून तो टाळावा. मासे पकडण्याचा सर्वांत पातळ नायलॉन दोरा किंवा मॉडेलकारांसाठी मिळणारा ताणणारा बारीक धागा वापरावा. वरचा पंख जोडण्यापूर्वीच तारांच्या जागी 0.3 मिलिमीटरची भोके पाडून ठेवावीत. नायलॉनचे एक टोक सुपरग्लूने वरच्या भोकात पक्के करावे, दुसरे खालच्या भोकातून आरपार ओढून घ्यावे, छोट्या चिमट्याचे वजन लटकवून ताण द्यावा, थेंबभर सुपरग्लू लावावा आणि वाळल्यावर टोक छाटून भोक बुजवावे. ताण बेताचाच द्यावा. जास्त दिला तर पंखच वाकतो. आतून सुरुवात करून बाहेर यावे, म्हणजे बोटे आधीच्या तारांत अडकत नाहीत. ब्रिटिश विमानांच्या बाहेरच्या तारा गोल नसून चपट्या, वारा कापणाऱ्या आकाराच्या असत. 1/32 मध्ये तो फरक दाखवता येतो, लहान प्रमाणात त्याचा नाद सोडावा.

ओढलेल्या प्लॅस्टिकची जुनी पद्धतही शिकून ठेवण्यासारखी आहे. किटच्या रिकाम्या चौकटीचा तुकडा मेणबत्तीच्या ज्योतीपासून थोडा वर धरून फिरवावा, मऊ होताच ज्योतीपासून दूर नेऊन दोन्ही हातांनी ओढावा. जितक्या वेगाने ओढाल तितका तंतू बारीक. तो मापाने कापून पांढऱ्या डिंकाने दोन टोकांत बसवावा. सैल वाटल्यास पेटती उदबत्ती तंतूच्या जवळून, स्पर्श न करता, झर्रकन न्यावी. उष्णतेने तो आकसून ताठ होतो. क्षणभर जास्त थांबल्यास तुटतो, म्हणून आधी टाकाऊ तुकड्यावर सराव करावा.

शेवटी पंखांखालील आणि शेपटीकडील नियंत्रणतारा राहतात. त्यांचा मार्ग कॉकपिटमधल्या दांड्यापासून सुकाणूपर्यंत मनात धरून मगच त्या लावाव्यात. झाले की मॉडेल झाकणाच्या काचपेटीत ठेवावे. धूळ बसलीच, तर मऊ ब्रश तारांच्या लांबीच्या दिशेनेच फिरवावा, आडवा कधीही नाही.